बिल्ड होस्ट: पारसिक

गेल्या पावसाळ्यात आम्ही महापेच्या डेटा सेंटरमधल्या जुन्या सर्व्हरवरचं काम नव्यांवर हलवायला घेतलं. हलवण्याआधी जुन्यांची वागणूक एकदा नोंदवून ठेवावी म्हणून साधीशी चाचणी ठरवली. डेटाबेसकडे जाणारा रस्ता मुद्दाम तोडायचा, थोड्या वेळाने जोडायचा आणि कुठलं मशीन किती वेळात सावरतं ते लिहायचं. सगळी मशीन एकसारखी. तोच सेंटॉस 7 हा लिनक्सचा प्रकार, तीच पॅकेजं (तयार बांधून आलेले प्रोग्रॅम), अँसिबल या मशीनची मांडणी करणाऱ्या साधनाच्या एकाच प्लेबुकमधून उभी केलेली. रस्ता तोडला तेव्हा सगळी थांबली, ते ठीकच होतं. पण रस्ता जोडल्यावरही ती थांबलेलीच राहिली, एकेकावर जाऊन सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागली. फक्त एक मशीन काही सेकंदांत आपलं आपण कामाला लागलं. आमच्या टीममधला नवा मुलगा, कळव्याचा, खुशीत म्हणाला, "मॅडम, एक तरी शहाणं निघालं." त्याने वहीत बरोबरची खूण केली आणि आम्ही पुढच्या चाचणीकडे वळलो. मी वळले खरी, पण डोक्यातून ते मशीन जाईना.

बिघडलेल्या मशीनमागे लागायची आम्हाला सवय असते. तिकीट येतं, फोन येतो, कुणीतरी वरून विचारतं. चांगलं चाललेल्या मशीनचं तिकीट कुणी काढत नाही. पण सगळ्यांनी एकसारखं असावं म्हणून ज्यावर इतकी वर्षं खर्च केली, त्यातलं एक वेगळं वागतं आणि ते का हे मला सांगता येत नाही, ही गोष्ट मला चैन पडू देईना. डेटा सेंटरमधून बाहेर पडले तेव्हा आतल्या गारव्यामुळे चष्म्यावर एकदम वाफ धरली. जॅकेट काढून पिशवीत कोंबलं, घणसोलीला जाणारी शेअर रिक्षा धरली. एमआयडीसीतला तो रसायनांचा आंबूस वास पावसात जरा जास्तच जाणवतो. ठाण्याच्या गाडीत डोंगराकडची खिडकी मिळाली तरी डोंगर काही दिसला नाही. डोळ्यांसमोर दोन मशीनच्या दोन काळ्या स्क्रीन होत्या आणि दोन्हींवर पॅकेजचं तेच नाव, तोच व्हर्जन, तोच रिलीज.

दुसऱ्या दिवशी मी नीट शोध घेतला. निरोपांची रांग सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे, जोडणी तुटल्यावर अडकत होता तो तोच. आधी आरपीएमची, म्हणजे सेंटॉसवर पॅकेजं बसवणाऱ्या साधनाची, पडताळणी चालवली. पॅकेज बसवताना प्रत्येक फाइलचा आकार, परवानग्या, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) यांची नोंद होते आणि पडताळणीत आजची फाइल त्या नोंदीशी ताडून बघितली जाते. फरक असला तर एक ओळ येते. आकार बदलला तर एस, चेकसम बदलला तर पाच, वेळ बदलली तर टी. फरक नसेल तर काहीच येत नाही. दोन्ही मशीनवर काहीच आलं नाही. म्हणजे बसवल्यापासून कुणी हात लावलेला नाही. मग मी दोन्हीकडची प्रोग्रॅमची फाइल घेतली आणि त्यांचे चेकसम थेट एकमेकांशेजारी ठेवले. पूर्ण वेगळे! पडताळणी खोटं बोलत नव्हती. तिला विचारलेला प्रश्नच तेवढा होता: बसवलं तेव्हा जे होतं तेच आज आहे का? बसवलं तेव्हाच वेगळं बसवलं असेल, तर त्याबद्दल ती काय सांगणार?

आरपीएमला पॅकेजची माहिती विचारली की ते पंधराएक ओळी समोर टाकतं. नाव, व्हर्जन, रिलीज या पहिल्या ओळी आपण वाचतो आणि थांबतो. निदान मी तरी इतकी वर्षं तिथेच थांबत होते, कारण कामाला तेवढंच लागतं. खाली आणखी काही असतं: कुठल्या सोर्स पॅकेजपासून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ कोडपासून, बांधलं, डिजिटल सही कुणाची, कधी बांधलं, कुठल्या मशीनवर बांधलं. बाकीच्या सगळ्या सर्व्हरवर सहीच्या ओळीत सेंटॉसची किल्ली होती आणि बिल्ड होस्टच्या ओळीत त्यांच्या बिल्ड सर्व्हरचं नाव. या एका मशीनवर सहीची जागा रिकामी होती. आणि बिल्ड होस्टच्या पुढे लिहिलं होतं, पारसिक.

पारसिक आमचंच मशीन होतं.

पूर्वी आमच्याकडे मशीनला ठाण्याच्या आसपासच्या डोंगर-तलावांची नावं द्यायची पद्धत होती. पारसिक, येऊर, उपवन, मासुंदा. मी नोकरीला लागले तेव्हा कुणीतरी "मासुंदा फुल झालाय, जागा कर" असं ओरडलेलं मला आठवतं, आणि नौपाड्यात वाढलेल्या मला क्षणभर तलावपाळीच डोळ्यांसमोर आली होती. आता मशीन इतकी झाली की नावं पुरत नाहीत. रांग, रॅक आणि आकडा मिळून एक लांबलचक नाव तयार होतं आणि ते कुणाच्या तोंडी बसत नाही. पारसिक केव्हाच भंगारात गेला. त्याची डिस्क नियमाप्रमाणे नष्ट केली गेली. त्यावर बसून हे पॅकेज बांधणारी व्यक्ती कोण असणार हे मात्र मला लगेच कळलं, कारण पारसिकवर पॅकेजं बांधायचं काम फक्त आमचे सरच करायचे. ते निवृत्त होऊन वाशीला राहतात.

इथे थोडं मागे जायला हवं. मी इंजिनिअरिंगला असताना घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. प्रोग्रॅम हवा असला की सोर्स आणायचा, सायबर कॅफेतून फ्लॉपीवर नाहीतर सीडीवर भरून, आणि घरी येऊन कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल असा बनवायचा. कॉन्फिगर म्हटलं की एकेक ओळ सरकायची, अमुक आहे का, आहे; तमुक आहे का, नाही. त्या "नाही"वर सगळं थांबायचं आणि ते तमुक आणायला पुन्हा गोखले रोडवर. रात्री मेक चालू करून झोपायचं, पंख्याच्या आवाजात सीपीयूचा पंखा मिसळलेला, सकाळी उठून बघायचं की शेवटची ओळ एररची आहे की नाही. वेळखाऊ होतं, पण एक समाधान होतं. या मशीनवर जे चाललंय ते कशापासून बनलंय हे मला माहीत होतं, कारण ते माझ्याच डोळ्यांसमोर बनलं होतं.

तयार बांधलेल्या पॅकेजांनी ते सगळं संपवलं आणि बरं झालं संपलं. 1995 च्या सुमारास रेड हॅटमध्ये, ज्यावरून पुढे सेंटॉस निघालं, आरपीएम आलं, त्याच काळात डेबियन या दुसऱ्या लिनक्सचं डीपीकेजी आकाराला आलं. तरी एक पॅकेज दुसरं मागायचं, दुसरं तिसरं, आणि तिसरं पुन्हा पहिल्याची नवी आवृत्ती. हे हाताने सोडवण्यात किती रविवार गेले! 1999 च्या मार्चमध्ये डेबियन 2.1 बरोबर एपीटी आलं आणि ते शोधणं मशीनवर सोपवता आलं. आरपीएमच्या बाजूला तेच काम यमने केलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सेथ विडाल नावाचा माणूस पुष्कळ मशीन सांभाळायचा. ती सांभाळता यावीत म्हणून त्याने यलो डॉग या लिनक्सच्या जुन्या अपडेटरवरून यम उभं केलं. 2013 साली सायकलवरून जाताना गाडीने धडक दिली आणि तो गेला. यमच्या जागी आता डीएनएफ आलंय, पण बोटं अजून यमच टाइप करतात आणि ते चालतंही. माझ्या कामाच्या कितीतरी रात्री या माणसाने हलक्या केल्या. त्याला मी ओळखत नव्हते, तरी ती बातमी वाचली त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं होतं.

आई उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्या घेऊन डंकावर जायची तेव्हा मला पिशवी धरायला न्यायची. बेडगी, संकेश्वरी, भाजलेले धणे, खोबरं, सगळं घरून तयार. नंबर आला की ती डंकवाल्याला आधी मूठभर मिरची टाकून कुटायला लावायची आणि ती बाजूला काढायला सांगायची, कारण आधीच्या बाईचं काय काय आत चिकटून राहिलंय कोण जाणे. मग आपला माल, आणि शेवटची चिमूट डब्यात पडेपर्यंत ती तिथून हलायची नाही. नाकातोंडात तिखट जायचं, डोळ्यांतून पाणी, तरी उभी. पॅकेज बांधणारी चांगली माणसं नेमकं हेच करतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्यासाठी रेड हॅटच्याच घरातल्या फेडोराकडे मॉक नावाचं साधन आहे, डेबियनकडे एसबिल्ड. दर वेळी कोरी जागा तयार करायची, सोर्समध्ये नोंदवलेलं तेवढंच सामान त्यात आणायचं, बांधायचं आणि ती जागा मोडून टाकायची. बांधणाऱ्याच्या मशीनवर आधीपासून पडलेली एखादी लायब्ररी (प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) नकळत आत शिरू नये म्हणून.

डेबियनमध्ये कितीतरी वर्षं मेंटेनर, म्हणजे पॅकेजची जबाबदारी घेतलेली माणसं, स्वतःच्या लॅपटॉपवर पॅकेज बांधून वर चढवू शकत होते आणि तेच जगभर जायचं. 2019 मध्ये, बस्टर ही आवृत्ती आल्यानंतर, त्यांनी ठरवलं की पुढच्या आवृत्तीत जाणारी पॅकेजं प्रकल्पाच्या बिल्ड सर्व्हरवरच बांधलेली हवीत, माणसाने फक्त सोर्स द्यायचा. याच्याही पुढची मागणी अशी, की एकाच सोर्सपासून कुणीही, कुठेही बांधलं तरी बाइटन् बाइट तीच फाइल निघाली पाहिजे. ऐकायला सोपं आहे. पण बांधल्याची वेळ फाइलमध्ये छापली जाते, फोल्डरचा पत्ता छापला जातो, फाइली कुठल्या क्रमाने वाचल्या यावरही निकाल बदलतो. या बारीकसारीक गोष्टी एकेक करून काढण्यात लोकांनी वर्षं घातली आहेत, बहुतेकांनी स्वयंसेवक म्हणून. कुणी विचारलं की आपल्या क्षेत्रात तुला सगळ्यात जास्त आदर कुणाबद्दल वाटतो, तर मी या लोकांकडे बोट दाखवीन.

2024 च्या गुड फ्रायडेच्या रात्री एक्सझेडची, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमची, बातमी आली तेव्हा मी घरी होते. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने लिहिलं होतं की एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला आहे. कसं कळलं त्याला? त्याच्या डेबियनच्या अस्थिर शाखेतल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायला, साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आपण चहाचा कप उचलायला त्याहून जास्त वेळ घेतो. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रकल्पात काम करून विश्वास कमावला होता. सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग असा की चोरदरवाजा जागा करणारी ओळ सार्वजनिक गिटमध्ये, जिथे सोर्स सगळ्यांना बघता येतो तिथे, नव्हती. रिलीज म्हणून जी गठडी दिली जायची तिच्यात ती होती, आणि डेबियन किंवा आरपीएमचं पॅकेज बांधलं जातंय असं दिसलं तरच ती जागी व्हायची. म्हणजे रोखच मुळी तयार पॅकेजांवर होता, ती जिथे बांधली जातात त्या जागेवर.

आमच्या जुन्या सेंटॉसवर एक्सझेड 5.2.2 होतं, आम्हाला काही झालं नाही. तरी त्या रात्री मी प्रत्येक मशीनवरून व्हर्जनची यादी काढली.

आणि आपल्या माणसांच्या हातूनही होतं. डेबियनच्या एका मेंटेनरने 2006 मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या काही ओळी काढल्या, कारण मेमरी तपासणारं साधन त्यांच्यावर तक्रार करत होतं. हेतू स्वच्छ होता. त्या ओळींबरोबर यादृच्छिकतेचा, म्हणजे किल्ल्यांचा अंदाज बांधता येऊ नये म्हणून लागणाऱ्या आकड्यांचा, बहुतेक सगळा स्रोत गेला. 2008 च्या मे महिन्यात ते उघडकीला आलं तेव्हा कळलं की एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्ल्यांसाठी जेमतेम 32,767 शक्यता उरल्या होत्या. उबुंटूसकट डेबियनवरून निघालेल्या पुष्कळांवर तेच पॅकेज पोहोचलेलं होतं. मूळ ओपनएसएसएलच्या सोर्समध्ये हा दोष नव्हता. तो पॅकेज करताना आला.

हे सगळं माहीत असलेल्या माणसाने सहीची रिकामी जागा बघितली की काय होतं ते सांगायला नको.

पुष्कळ मशीन सांभाळणं म्हणजे काय असं कुणी विचारलं तर लोकांना वाटतं, एक कमांड सगळीकडे चालवायची. तो भाग सर्वात सोपा. खरं काम आधी असतं. आमची मशीन थेट बाहेरच्या रिपॉझिटरीकडे, म्हणजे पॅकेजांच्या साठ्याकडे, जात नाहीत. आम्ही त्या साठ्याची नक्कल, आमचा मिरर, ठेवतो आणि महिन्यातून एकदा त्याची प्रत गोठवतो. ती गोठवलेली प्रत आधी चाचणीच्या मशीनवर जाते, मग थोड्या प्रॉडक्शनवर, मग उरलेल्यांवर. मिरर रोज बदलत असतो. मंगळवारी अपडेट केलेल्या मशीनला एक मिळतं, शुक्रवारच्या मशीनला दुसरं, आणि दोन्हीकडे अहवाल येतो की अपडेट यशस्वी. अँसिबलमध्येसुद्धा पॅकेज "लेटेस्ट" हवं असं लिहू नये, नेमका व्हर्जन लिहावा, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. वर पुन्हा, पॅकेज बदललं म्हणजे चालू प्रोग्रॅम बदलला असं नाही. 2014 मध्ये ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड या दोषाच्या वेळी कितीतरी ठिकाणी ओपनएसएसएल अपडेट झालं, पण सर्व्हिस रीस्टार्ट न केल्यामुळे डिस्कवरून पुसलेली जुनी लायब्ररीच मेमरीत चालत राहिली. यादीत सगळं हिरवं दिसत असताना.

या सगळ्या खटाटोपामागे नीटनेटकेपणाची हौस आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता तसं वाटत नाही. सगळी मशीन एकसारखी असली की एखाद्याचं वेगळं वागणं दिसतं, आणि दिसलं की त्याचा अर्थ लावता येतो. फ्रॉइंडला तो अर्धा सेकंद दिसला तो एरवी किती वेळ लागतो हे त्याला पक्कं माहीत होतं म्हणून. आमच्याकडे चाळीस प्रकारची मशीन चाळीस तऱ्हेने वागत असती, तर जोडणी तुटल्यावर एक लवकर सावरलं याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, फोनवर नको, घरी ये. रविवारी गेले. बाल्कनीत कुंड्यांतून पाणी निथळत होतं, काकूंनी पोहे आणले. मी प्रिंट काढून नेली होती, त्या पंधरा ओळींची. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ धरली आणि पारसिकच्या ओळीवर आले तशी त्यांची मान हलली. "हो, माझंच आहे हे." त्यांना सगळं आठवत होतं. जोडणी तुटल्यावर अडकण्याचा हा दोष तेव्हाही होता. मूळ प्रोग्रॅमच्या पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त झालेला, पण सेंटॉस 7 मध्ये ती आवृत्ती येणार नव्हती. सरांनी दुरुस्तीचे तेवढे बदल उचलून जुन्या सोर्समध्ये बसवले. यात वावगं काही नाही, रेड हॅट स्वतः हेच करतं. म्हणूनच त्यांच्या पॅकेजवर व्हर्जनचा आकडा जुना दिसतो आणि आत दुरुस्त्या नव्या असतात. ऑडिटवाल्यांना हे दर वर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं.

"अगं, एका मशीनवर पंधरा दिवस चालवून बघू म्हटलं, मग सगळ्यांवर टाकू. तेवढ्यात लॉकडाऊन लागला. मग जो तो घरी, मी तर परत ऑफिसला आलोच नाही, घरूनच रिटायर झालो."

"पण सर, रिलीजचा आकडा का नाही बदललात? निदान चेंजलॉगमध्ये एक ओळ?"

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की आकडा बदलला असता तर ते नवं पॅकेज ठरलं असतं, आणि नव्या पॅकेजचा चेंज पास व्हायला तेव्हा आमच्याकडे महिने लागायचे. तोच आकडा ठेवला तर ती चाचणी ठरत होती. मला त्यांचं म्हणणं कळलं, ते महिने मीही भोगले आहेत. तरी मी त्यांना सांगितलं की हे व्हायला नको होतं. एकच नाव आणि एकच आकडा असलेल्या दोन वेगळ्या वस्तू ठेवल्या की यादी बघणाऱ्या पुढच्या माणसाला खरं कळायचा मार्गच उरत नाही. शिवाय यमलाही ते सारखंच दिसतं, त्यामुळे ते बदलण्याचा प्रश्नच येत नाही. त्या प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती सेंटॉस 7 साठी आली नाही, म्हणून सरांची फाइल चार वर्षांहून जास्त तिथे जशीच्या तशी राहिली. सरांनी ऐकून घेतलं. त्यांच्यापुढे असं बोलायची मला सवय नाही, आवाज जरा चढलाही असेल. त्यांनी एवढंच विचारलं, "पण चाललं ना ते?"

चाललं सर, म्हटलं. बाकीची सगळी अडकली, ते एकटंच चाललं.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला काय वाटावं तेच कळेना. या माणसाकडून मी काम शिकले. रात्री दोनला फोन केला तरी "बोल" म्हणून सुरुवात करणारा माणूस. त्यांनी बांधलेली वस्तू उत्तम होती आणि तिची नोंद त्यांनी ठेवली नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि त्यातल्या कुठल्याही एकीवरून दुसरी रद्द होत नाही. मी सागर विहारच्या बाजूने चालत स्टेशनला गेले. खाडीवरून वारा होता, छत्री उलटी होत होती.

सोमवारी कळव्याच्या मुलाने सुचवलं, "मॅडम, मग सरांचंच पॅकेज उरलेल्या मशीनवर टाकू या की. इतकी वर्षं टेस्ट झालंय." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. नव्या सर्व्हरवर प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती असल्याने तिथे प्रश्न नव्हता, पण काही जुनी मशीन अजून काही काळ राहणारच होती आणि ती दर वेळी अडकत होती. मी नाही म्हटलं. जे आम्ही स्वतः पुन्हा बांधू शकत नाही त्यावर आमची सही मी घालणार नाही. मग आम्ही दोघं बसलो. 30 जून 2024 ला सेंटॉस 7 संपलं, त्याच्या मिररचा नेहमीचा पत्ता बंद झाला, पण जुनं सगळं व्हॉल्ट या त्यांच्या जुन्या साठ्यात ठेवलेलं आहे. तिथून सोर्स पॅकेज आणलं, मूळ प्रकल्पातून दुरुस्तीचे बदल शोधून पॅच केला, मॉकमध्ये कोऱ्या जागेत बांधलं. रिलीजच्या आकड्याला आमच्या टीमचं नाव जोडलं. चेंजलॉगमध्ये दोष काय, दुरुस्ती कुठून घेतली आणि ती पहिल्यांदा आमच्याकडे कुणी बसवली ते लिहिलं. सरांचं नाव तिथे घालायचं हे त्या मुलानेच सुचवलं. मग आमच्या किल्लीने सही.

नव्या फाइलचा चेकसम सरांच्या फाइलशी जुळला नाही. जुळणार नव्हताच. बांधल्याची वेळ वेगळी, फोल्डर वेगळं, आणि पारसिकवर कंपायलर नेमका कुठला होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. रस्ता तोडून जोडला तर दोन्ही सारखंच सावरतात, एवढं मी ठामपणे सांगू शकते. ती दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही.

उरलेल्या जुन्या मशीनचा प्रश्न मात्र याने सुटलेला नाही. तिथे बाहेरून विकत घेतलेला एक प्रोग्रॅम चालतो, तयार बांधूनच आलेला, सोर्स कधी मिळालाच नाही. त्याला ओपनएसएसएलची ती दहा नंबरची जुनी लायब्ररी लागते. नव्या सर्व्हरवरच्या सिस्टीमच्या नऊच्या पिढीत ती नाही, तिथे ओपनएसएसएल 3 आहे. ज्यांनी तो बांधला त्यांच्याकडून मेलला उत्तर येत नाही. मुलाचं म्हणणं, जुनी लायब्ररी आत घालून कंटेनर (प्रोग्रॅमभोवतीचं बंद खोकं) करू, खालचं मशीन तरी नवं होईल. माझं म्हणणं, कंटेनरने दोष झाकला जाईल, लायब्ररी तीच राहील. त्यापेक्षा ती मशीन नेटवर्कमध्ये वेगळी कोंडून ठेवावी आणि तो प्रोग्रॅम बदलायचे पैसे मागावेत. वरच्यांचं म्हणणं, चालतंय ना, मग राहू दे. गुरुवारी पुन्हा बैठक आहे. त्या प्रोग्रॅमच्याही पंधरा ओळी मी काढून ठेवल्या आहेत. सहीची जागा तिथेही रिकामी आहे, आणि बिल्ड होस्टच्या पुढे लोकलहोस्ट, म्हणजे नुसतं 'हेच मशीन', असं लिहिलेलं आहे.